नाताळसाठी पत्र्याच्या डब्यांच्या भेटी: आधी काठ, मग रंग

डिसेंबरात वसईपासून गोव्यापर्यंत केक, कुलकुल, दोदोल यांची गडबड सुरू झाली की कंडेन्स्ड मिल्कचे, अननसाच्या चकत्यांचे, दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे ओट्याखाली साठायला लागतात. त्यातून मुलांसाठी छोट्या भेटी सहज होतात. भोकाभोकांचा कंदील, ढकलला की आपसूक माघारी येणारा डबा, पायाखाली घेऊन चालायच्या पावल्या, आत खाऊ भरून पुन्हा बंद केलेला डबा, यातलं काहीच कठीण नाही. कठीण असतो तो काठ. कापलेल्या पत्र्याला जी धार येते ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळते. आणि मूल नवी वस्तू हातात घेतं तेव्हा पहिलं बोट काठावरूनच फिरवतं. म्हणून पुढे काठाबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे. ते सोडून थेट कंदिलावर उडी मारू नका.

डबा कोणता घ्यायचा

फ्रिजवर लावायचं लोहचुंबक डब्याला लावून बघा. चिकटलं तर डबा पोलादी पत्र्याचा आहे, म्हणजे आपल्या कामाचा. त्याचा पत्रा साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो आणि ठोकाठोकी सहन करतो. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. थंड पेयांच्या कॅनचा पत्रा याच्या जेमतेम निम्मा असतो. तो घरातल्या कात्रीनेही कापला जातो आणि म्हणूनच नवशिक्यांना सोपा वाटतो, पण त्याची कापलेली कड ब्लेडसारखी चालते आणि कितीही घासली तरी बोथट होत नाही, नुसती वळते. लहान मुलांच्या भेटीसाठी तो वापरूच नका.

मग डब्याचं बूड बघा. बुडालाही वरच्यासारखीच उठावदार गोल दुमड असेल आणि अंगावर उभा सांधा दिसत असेल, तर तो तीन तुकड्यांचा डबा: अंग, झाकण, बूड. बूड अंगातूनच गोलसर वळून आलं असेल, खाली दुमड नसेल, तर दोन तुकड्यांचा. कंदिलाला दोन्ही चालतात. खाऊच्या बंद डब्याला मात्र पहिलाच लागतो, कारण दुसऱ्याच्या बुडाला ओपनर पकडच घेत नाही.

अंगावर आडव्या वळ्या असलेले डबे पावल्यांना उत्तम, कारण त्या वळ्यांमुळे डबा दबत नाही. कंदिलाला तेच डबे त्रासदायक, खिळा वळीवरून घसरतो. गंज चढलेला किंवा दुमडीजवळ पोचा आलेला डबा बाजूला काढा. फवारणीचे दाबाखालचे डबे (डासांचा स्प्रे, डिओ, स्प्रे पेंट) रिकामे वाटले तरी कापायचे नाहीत, ठोकायचे नाहीत. कीटकनाशक, थिनर, ब्रेक ऑइल, रंग यांचे डबे कितीही धुतले तरी मुलांच्या वस्तूला नकोत.

धुणं आणि लेबल

गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून डबे अर्धा तास बुडवून ठेवा. कागद सुटतो, गोंदाचा पट्टा उरतो. खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा सारखे घेऊन त्याचा लगदा त्या पट्ट्यावर चोपडा, १५ मिनिटांनी खरखरीत फडक्याने पुसा. त्यानंतर साबणाने पुन्हा धुणं अनेक जण टाळतात आणि मग रंग सोलून निघाला की रंगाला दोष देतात. पत्र्यावर तेलाचा हात उरला की कुठलाच रंग धरत नाही. धुतलेला डबा लगेच कोरडा करा, उपडा ठेवून उन्हात तापवा. किनाऱ्याच्या हवेत ओल्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात.

काठ

डबा कसा उघडलाय त्यावर काठ कसा असेल ते ठरतं. टोचून पुढे पुढे सरकवायच्या जुन्या ओपनरने करवतीसारखे दाते राहतात. तसा डबा असेल तर सरळ भंगारात टाका, त्यावर तास घालवण्यात अर्थ नाही. चाकाचा नेहमीचा ओपनर झाकण दुमडीच्या आतून कापतो. तेव्हा आत एक पातळ ओठ उरतो. कडी ओढून उघडायच्या डब्यातही असाच ओठ असतो आणि तो फसवा, कारण वरून बघताना काठ गोल, गुळगुळीत दिसतो. बोट आत घातलं की कापतं. तिसरा प्रकार बाजूने कापणारा ओपनर. तो दुमडच बाहेरून सोडवतो, धार बोथट राहते आणि झाकण पुन्हा बसवता येतं. वर्षात दहा-बारा डबे करणार असाल तर हा ओपनर विकत घेण्यासारखा आहे. या कामात पैसे खर्च करायचेच तर त्यावर आणि हातमोज्यांवर.

हातमोजे म्हणजे तळव्याला चामडं असलेले किंवा कापण्यापासून वाचवणारे. सुती मोज्यांनी नुसता धीर येतो, पत्रा त्यातून आरपार जातो. डोळ्यांना साधा गॉगल हवाच, कानस चालवताना कण उडतात.

आता क्रमाने:

१. सपाट तोंडाच्या पक्कडीने आतला ओठ थोडा थोडा करून डब्याच्या अंगाकडे दाबत न्या. एका वेळी सेंटीमीटरभरच. एकदम मोठा भाग दाबला तर पत्रा लाटेसारखा उचलतो आणि मग तो कधीच सपाट बसत नाही.

२. पूर्ण फेरी झाली की डबा आडवा धरून आतून एखादी जाड लोखंडी सळई किंवा नळाचा तुकडा घाला आणि ओठावर बाहेरच्या दुमडीच्या आधाराने हलक्या हातोडीचे ठोके द्या. ओठ अंगाला चिकटून बसला पाहिजे.

३. बारीक दातांची अर्धगोल कानस घ्या. गोल बाजू आत. कानस पुढे ढकलतानाच दाब द्या, मागे आणताना उचला. मागे-पुढे खरडलं तर नवी कुसळं तयार होतात. कारखान्यात या कुसळांना 'बर' म्हणतात. बर काढणं हेच खरं काम.

४. १२० नंबरचा एमरी पेपर बोटाएवढ्या काठीला गुंडाळून दोन फेऱ्या, मग २२० नंबरच्या दोन.

५. कापसाचा बोळा काठावरून आतून-बाहेरून फिरवा. जिथे तंतू अडकला तिथे बर आहे. त्या जागेवर खूण करा, पुन्हा कानस. सबंध काठावर एकही तंतू अडकेनासा होईपर्यंत पुढचं काही करू नका. बोटाने तपासू नका. बोट चुकतं आणि कापतंही.

६. आता काठ झाका. माशांच्या टाकीला हवा सोडायची बारीक प्लॅस्टिकची नळी मिळते, आतून ४ मिलिमीटरची. साडेसात सेंटीमीटर व्यासाच्या डब्याचा घेर साडेतेवीस सेंटीमीटर भरतो, म्हणून नळी २४ सेंटीमीटर कापा, एका बाजूने उभी चिरा, गरम पाण्यात मिनिटभर धरून मऊ करा आणि काठावर खोचत जा. दोन टोकं भिडतात तिथला जास्तीचा तुकडा छाटा, आत इपॉक्सी गोंदाचे दोन-तीन थेंब सोडा. नळी नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन सेंटीमीटर रुंद पट्टी काठावर घडी घालून चिकटवा.

नळी बसवली म्हणून पहिल्या पाच पायऱ्या गाळू नका. मुलं आठवड्याभरात नळी उपसून काढतात.

भोकांचा कंदील

कंदिलाला वळ्या नसलेला, साधारण ७.५ सेंटीमीटर व्यासाचा आणि ११ सेंटीमीटर उंचीचा डबा घ्या. शिवाय दोन खिळे, एक १ इंची आणि एक २ इंची. २०० ते २५० ग्रॅमची हातोडी. जुना टॉवेल आणि कडीसाठी १६ गेजची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ३५ सेंटीमीटर.

रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की भोक पडण्याआधी पोचा पडतो. म्हणून आत बर्फ करायचा. डबा पाण्याने भरा, पण काठापासून दोन सेंटीमीटर खालपर्यंतच. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेल्या डब्याचं बूड वाटीसारखं बाहेर येतं आणि मग कंदील टेबलावर डुगडुगतो. बूड थोडंफार फुगतंच. ते टाळायला पाणी दोन हप्त्यांत गोठवा, आधी अर्धा डबा आणि तो घट्ट झाल्यावर उरलेला. फ्रीझरमध्ये रात्रभर, किमान १० ते १२ तास ठेवा. मधला गाभा कच्चा राहिला तर दहाव्या ठोक्याला बर्फ फुटतो. फ्रीझर नसेल तर ओली वाळू ठासून भरा आणि तोंडाशी लाकडाचा ठोकळा दाबून बसवा. कोरडी वाळू सरकते, उपयोग होत नाही.

डबा गोठतोय तोवर कागदावर नक्षी काढा. कागद २४ गुणिले ११ सेंटीमीटर. वर आणि खाली दीड-दीड सेंटीमीटर कोरं सोडा, दुमडीजवळ पत्रा दुहेरी असतो आणि खिळा वाकतो. उभ्या सांध्याच्या दोन्ही बाजूंनाही सेंटीमीटरभर जागा सोडा. नाताळचा कंदील म्हणजे चांदणी हवीच. पाच टोकांची एक मोठी चांदणी, टोकांवर २ इंची खिळ्याची मोठी भोकं, रेषांवर १ इंचीची लहान, आणि उरलेल्या जागेत विखुरलेले ठिपके. एकूण ६० ते ८० भोकं पुरतात. दोन भोकांत निदान ५ मिलिमीटर अंतर ठेवा. त्याहून जवळ गेलात तर मधली चिंचोळी पट्टी तुटते आणि दोन भोकांची एक फाट होते. नवशिक्यांचे बहुतेक कंदील इथेच बिघडतात, कारण कागदावर दाट नक्षी सुंदर दिसते. अंधारात उलट विरळ नक्षीच उठून दिसते.

कागद चिकटपट्टीने डब्याला गुंडाळा, टॉवेलची घडी करून त्यात डबा आडवा रुतवा म्हणजे तो गडगडणार नाही. खिळा पत्र्याला काटकोनात धरा. पहिला ठोका हलका, फक्त टोक रुतावं म्हणून, दुसरा-तिसरा नेमका. खिळा आत रुतून बसला तर हलवून काढू नका, भोक लांबट होतं. पक्कडीने धरून पिळत सरळ बाहेर ओढा. आधी सगळी मोठी भोकं, मग लहान. मुंबईच्या डिसेंबरात बर्फ अर्धा तास बऱ्यापैकी टिकतो. डबा खिळ्याखाली पोकळ वाजायला लागला की थांबा, पाणी घालून परत फ्रीझरला ठेवा. घाईत केलेल्या शेवटच्या दहा भोकांनी आख्ख्या कंदिलाला पोचे येतात.

काठापासून दीड सेंटीमीटर खाली, समोरासमोर, कडीसाठी दोन भोकंही आत्ताच पाडा. बर्फ गेल्यावर ही भोकं नीट पडत नाहीत.

बर्फ नळाखाली सोडवा, डबा पुसा, बूड फुगलं असेल तर सपाट लाकूड ठेवून ठोका. भोकं बाहेरून पाडली म्हणजे कुसळं सगळी आत आली आहेत. दिवा ठेवायला मूल आत हात घालणार, तेव्हा एमरी पेपर गुंडाळलेली काठी आतून खालीवर फिरवा आणि पुन्हा कापसाची परीक्षा. तारेची टोकं आतल्या बाजूला आणून गोल वळवा. सरळ सोडलेलं तारेचं टोक पत्र्यापेक्षा वाईट.

आत मेणबत्ती नको. पत्रा दोन-तीन मिनिटांत चटका बसण्याइतका तापतो, तारही तापते आणि रंगाला वास सुटतो. सेलवर चालणारा छोटा एलईडी दिवा ठेवा. त्याची बॅटरी बटणासारखी चपटी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना, हे विकत घेतानाच बघा. अशी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजतं. घरात लहान भावंड असेल तर पेन्सिल सेलवर चालणारा दिवा घ्या, तो थोडा मोठा असतो, पण ही काळजी राहत नाही.

माघारी येणारा डबा

सगळ्यात जास्त वेळ खेळलं जातं ते हे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून जी खेळणी घडवली, त्याच जातकुळीतलं. डबा ढकलला की लोळत जातो, थबकतो आणि परत येतो. आत ताणलेल्या रबरला मधोमध वजन टांगलेलं असतं. डबा लोळतो, वजन खालीच लोंबतं, त्यामुळे रबरला पीळ बसतो. ढकलण्याचा जोर संपला की तो पीळ उलगडतो आणि डब्याला मागे आणतो.

दुधाच्या पावडरीचा, प्लॅस्टिकचं झाकण असलेला, साधारण १० सेंटीमीटर व्यासाचा आणि १२ सेंटीमीटर लांबीचा डबा घ्या. रबरबँड असं निवडा की न ताणता चपटं धरल्यावर ९ ते १० सेंटीमीटर भरेल. लहान असतील तर दोन एकमेकांत ओवून जोडा. वजनाला एम-१२ मापाचे लोखंडी नट, सुरुवातीला चार. एका नटाचं वजन १५ ग्रॅमच्या आसपास असतं.

बुडाचा नेमका मध्य काढायला बूड कागदावर गिरवा, गोल कापून दोनदा घडी घाला, घड्या छेदतात तो मध्य. बुडाला आणि झाकणाला मधोमध ४ मिलिमीटरचं भोक पाडा. बुडाचं भोक आतून ठोका, म्हणजे कुसळं बाहेर येतील आणि कानशीने सपाट करता येतील. कुसळं आत राहिली तर दहा मिनिटांत रबर चिरतात. नट बारीक तारेत ओवून गच्च बांधा आणि रबरबँडच्या दोन्ही पदरांना मिळून, अगदी मधोमध, दीड ते दोन सेंटीमीटर खाली लोंबतील असे अडकवा. रबरचं एक टोक बुडाच्या भोकातून बाहेर काढून त्यात तीन सेंटीमीटरची बांबूची काडी अडकवा आणि ती टेपने बुडाला चिकटवा. दुसरं टोक झाकणातून काढून तसंच. झाकण लावा.

पहिल्या फटक्यात हा डबा क्वचितच चालतो. बिघाड ओळखायला तो कानाशी धरून सावकाश फिरवा. आत खडखड झाली तर नट भिंतीला आपटताहेत, तार आखूड करा. आवाज नाही, पण डबा गेला की तिकडेच राहतो, याचा अर्थ वजन रबरबरोबर गरागरा फिरतंय, पीळ बसतच नाही. एक-दोन नट वाढवा. तरीही तेच, तर रबर जास्त ताणलंय, लांब घ्या. थोडंसंच माघारी येत असेल तर रबर सैल आहे. डबा सरळ न जाता वळत असेल तर त्याचं कारण झाकण: प्लॅस्टिकच्या कडेमुळे ते टोक जाड असतं आणि डबा गाजरासारखा गोल फिरतो. बुडाच्या बाजूला टेपचे वेढे देऊन दोन्ही टोकं सारखी करा. शेवटी दोन्ही टोकांवर सायकल ट्यूबचं एकेक सेंटीमीटरभर रुंद कडं चढवा. गुळगुळीत फरशीवर डबा परत येताना जागच्या जागी घसरतो, ते यामुळे थांबतं, आणि काठही झाकला जातो.

रबर दोन-तीन महिन्यांत वाळून तुटतंच. भेटीसोबत दोन जादा रबरबँड द्या.

पावल्या

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. एकसारखे दोन मजबूत डबे, व्यास निदान १० सेंटीमीटर, उंची १२ पेक्षा जास्त नको. बंद बाजू वर, तिथे पाय राहणार. वरच्या काठापासून दीड सेंटीमीटर खाली समोरासमोर दोन भोकं, ८ मिलिमीटरची. खिळ्याने सुरुवात करा, मग गोल कानशीने मोठं करा. भोकाचा काठ धारदार राहिला तर दोरी आतून तुटत जाते, आणि ती तुटते नेमकी मूल चालत असताना. म्हणून भोकात रबरी वॉशर बसवा.

६ मिलिमीटर जाडीची सुती दोरी, प्रत्येक डब्याला दीड मीटर. दोन्ही टोकं भोकांतून आत घेऊन दुहेरी गाठी. मूल डब्यावर उभं राहून हात सरळ सोडेल तेव्हा दोरी मुठीत ताठ यायला हवी. सैल दोरीने डबा पायाबरोबर उचलला जात नाही आणि मूल तोंडावर पडतं. साधारण ११५ सेंटीमीटर उंचीच्या मुलाची मूठ तळपायापासून अर्धा मीटरभर वर येते, त्यावरून गाठीचा अंदाज घ्या आणि शेवटची गाठ भेट दिल्यावर मुलाला उभं करूनच मारा. जमिनीला टेकणाऱ्या काठावर ट्यूबची पट्टी चिकटवा, फरशी ओरखडत नाही आणि पाय घसरत नाही. देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने भिंतीला धरून एका डब्यावर हळूहळू पूर्ण भार टाकून बघावा. डबा जरासा जरी दबला तरी तो बाद.

बंद डब्यातला खाऊ

कडी ओढून उघडायचा, तीन तुकड्यांचा डबा घ्या. कडीला हात न लावता तो उलटा करून बाजूने कापणाऱ्या ओपनरने बूड सोडवा. आतलं काढून धुवा, पूर्ण वाळवा. गुंडाळलेली चॉकलेटं, खडू, रबरी चेंडू, चिठ्ठी असं काही भरा. सुटा खाऊ नको. मग दुमडीला दोन नळ्यांचं इपॉक्सी लावून बूड परत बसवा आणि वर वजन ठेवून २४ तास हलवू नका. गरम गोंदाची बंदूक इथे चालत नाही. थंड पत्र्यावर गोंद लगेच आळतो आणि डबा हातातून पडला की बूड टपकन सुटतं. आंबूस वासाचं सिलिकॉनही नको, बंद डब्यात तो वास चॉकलेटात उतरतो.

मुलाला दुकानातून आणलेला डबाच वाटतो, हीच त्यातली गंमत. पण कडी ओढल्यावर निघणाऱ्या झाकणाला खरीखुरी धार असते. ही भेट आठ वर्षांपुढच्या मुलांना, आणि झाकण मोठ्यांनी काढून द्यायचं.

डब्यांचा फोन

दोन डबे, बुडाला मधोमध २ मिलिमीटरचं भोक, मध्ये ८ ते १० मीटर पतंगाची साधी सद्दी. मांजा अजिबात नको. दोरा आत घेऊन शर्टाच्या बटणाला बांधा. दोरा ताठ हवा आणि मध्ये कशालाही टेकता कामा नये, ना दाराच्या चौकटीला, ना कोणाच्या बोटाला. दोऱ्याचं कंपन टेकलं त्या जागी मरतं. लोकर वापरली तर आवाज तिथेच जिरतो. इथे काठ तोंडाला आणि कानाला लागतो, तेव्हा नळी बसवल्याशिवाय देऊ नका.

रंग

नुसत्या पत्र्यावर ॲक्रिलिक रंग मारला तर तो नखाने निघतो. २२० नंबरच्या पेपरने पत्रा खरवडून चमक घालवा, पुसा, मेटल प्रायमरचा एक पातळ हात द्या, आठ तास वाळू द्या, मग रंगाचे दोन पातळ हात. स्प्रे वापरत असाल तर २० ते २५ सेंटीमीटरवरून आणि हात चालता ठेवून. एका जागी थांबलात की ओघळ आलाच. कंदिलाची भोकं ब्रशच्या रंगाने बुजतात, त्याला स्प्रेच बरा. कित्येक वर्षांपूर्वी माळ्यावर ठेवलेला ऑइलपेंट काढू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावं हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत काय आहे हे घरी कळायला मार्ग नाही. नव्या डब्यावर शिसं नसल्याची नोंद पाहून घ्या.

रंग हाताला कोरडा लागतो एका दिवसात, पण वास जायला आठवडा लागतो. डिसेंबरात रात्री दव पडतं, तेव्हा रंगवलेले डबे अंगणात ठेवू नका, सकाळी पांढुरके डाग दिसतात. नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या रविवारी डबे धुवायला घेतले आणि १५ तारखेच्या आत रंग आटोपला तर २४ च्या रात्री येशूजन्माच्या गोठ्याशेजारी ठेवताना वास येणार नाही.

रंगाचा कंटाळा असेल तर कापड. खणाचा किंवा जुन्या सुती साडीचा २५ सेंटीमीटर लांबीचा तुकडा घ्या, तीन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी मिसळून लावा आणि शेवटी कापडावर कापड दीड सेंटीमीटर चढवा. पांढरा गोंद पत्र्याला फार काळ धरत नाही, खरी पकड कापडाला कापड चिकटतं तिथेच असते.

वय, विक्री आणि उरलेला पत्रा

तीन वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीच देऊ नका. नट, बटण, बांबूची काडी, सुटलेली नळी, सगळं तोंडात जाणारं. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक आखूड नळी वापरतात. तिच्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. थोरल्या भावंडांची भेट धाकट्याच्या हाती पडणार असेल तर याच मापाने विचार करा.

चर्चच्या जत्रेत किंवा सोसायटीच्या स्टॉलवर ही खेळणी विकायचा बेत असेल तर आधी नियम बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. घरच्या, शेजारच्या मुलांना भेट देण्याशी याचा संबंध नाही.

मुलांनाही हात लावायचा असतो. त्यांना नक्षी काढू द्या, रंगवू द्या, नट ओवू द्या. कापणं, ठोकणं, घासणं मोठ्यांकडे. काम संपल्यावर फरशी आधी ओल्या फडक्याने पुसा आणि मग लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. कानशीचे कण झाडूला सापडत नाहीत, अनवाणी पायाला सापडतात. कापलं तर जखम वाहत्या पाण्याखाली धुऊन दाबून धरा, आणि धनुर्वाताची शेवटची सुई कधी घेतली ते आठवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. उरलेले तुकडे, बाद झालेली झाकणं, वाकलेले खिळे एका रिकाम्या डब्यात भरा, त्याचं तोंड हातोडीने चेपून बंद करा आणि मगच भंगारवाल्याला द्या. तो पिशवीत हात घालून माल निवडतो.